युरोपातले ‘आपला देश आधी’वाले आपसांत युती कशी करतात?

टेकडीवाले काका (कोथरूड)

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे.

वेताळ टेकडीवरच्या आमच्या सकाळच्या कंपूत एक निवृत्त कर्नल आहेत. ते मोबाइलवर एक फोटो फिरवत असतात. फेब्रुवारी २०२५, माद्रिद. एकाच व्यासपीठावर हंगेरीचे ऑर्बान, फ्रान्सच्या मरीन ल पेन, इटलीचे साल्व्हिनी, नेदरलँड्सचे विल्डर्स आणि यजमान म्हणून स्पेनच्या व्हॉक्स पक्षाचे आबास्काल. घोषणा ‘मेक युरोप ग्रेट अगेन’. कर्नलसाहेबांचं म्हणणं, युरोप जागा झाला, सगळे राष्ट्रवादी एक झाले.

मला कळत नाही ते हे की ‘आधी फ्रान्स’ म्हणणाऱ्याचं ‘आधी इटली’ म्हणणाऱ्याशी जमतं कसं? ज्यांचं सगळं राजकारण सरहद्दीवर उभं, ते सरहद्दीपलीकडे सोयरीक करतात म्हणजे नक्की काय करतात? पैसे देतात? प्रचाराला जातात? की नुसताच फोटो? आणि आपल्याला त्याचा काही फरक पडतो का? पुतणी श्टुटगार्टला शिकते, म्हणून जरा जास्त कुतूहल.

‘गूगल करा’ असं कृपया सांगू नका. केलंय.

चहाबाज

वाचनखूण साठवली आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

रोखठोक_नारायणपेठ

शत्रूचा शत्रू तो मित्र. ब्रसेल्स (म्हणजे युरोपियन युनियन) आणि घुसखोर हे दोन शत्रू. विषय संपला.

सोमवारपेठकर

विषय तिथे संपत नाही, सुरू होतो. काका, फोटो खरा आहे. मी पोटासाठी जर्मन यंत्रांची मॅन्युअलं भाषांतरित करते, तिकडचं राजकारण हा माझा रिकामपणाचा उद्योग. लांबण लागणार, आधीच सांगते.

युरोपियन संसदेत खासदार देशानुसार बसत नाहीत, गटानुसार बसतात. गट करायचा तर किमान २३ खासदार हवेत आणि ते किमान ७ देशांतले हवेत. गट झाला की कचेरी, कर्मचारी, निधी, सभागृहात बोलायला वेळ, समित्यांमध्ये वाटा. गट नसेल तर यातलं फारसं काही हाती लागत नाही. म्हणजे ‘युनियन मोडीत काढा’ म्हणणाऱ्या पक्षालाही युनियनच्या पैशातून नीट दुकान मांडायचं असेल, तर आणखी सहा देशांतले जोडीदार शोधावे लागतात. सोयरीक इथून सुरू होते. तत्त्वं मागून येतात.

जोडीदार शोधायचा हा खेळ जुना आहे. १९८४ मध्ये मरीनबाईंचे वडील ज्याँ-मारी ल पेन यांनी फ्रेंच, इटलीचे मुसोलिनीच्या परंपरेतले एमएसआयवाले आणि एक ग्रीक असा पहिला गट बांधला. १९८९ ला जर्मनीचे ‘रेपुब्लिकानर’ निवडून आले आणि ल पेननी त्यांना जवळ केलं. त्याबरोबर इटालियन बाहेर राहिले. कारण एकच, दक्षिण टिरोल.

दक्षिण टिरोल म्हणजे आल्प्समधला, बहुसंख्य जर्मन बोलणारा प्रांत. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाकडून इटलीला मिळाला. जर्मन राष्ट्रवाद्याला तो आपला वाटतो, इटालियन राष्ट्रवाद्याला त्यावर चर्चासुद्धा नको. आपल्या भाषेत सांगायचं तर बेळगाव. इथला एखादा अस्मितावाला पक्ष आणि तिकडची कन्नड संघटना ‘दिल्लीविरुद्ध प्रादेशिक अस्मितेचा संयुक्त गट’ म्हणून एका बाकावर बसली, तर पहिल्या १ नोव्हेंबरला काय होईल? तेच.

मी एका इथल्या फळप्रक्रिया कंपनीबरोबर दुभाषी म्हणून दक्षिण टिरोलमधल्या बोल्झानोला गेले होते, सफरचंदं वर्गवारी करणाऱ्या यंत्रासाठी. स्टेशनवर पाटी दोन भाषांत, बोल्झानो आणि बोझेन. ज्यांच्याकडे उतरलो ते आजोबा इटलीचं पेन्शन घेत होते आणि मी ‘तुम्ही इटालियन लोक’ म्हटल्याबरोबर त्यांनी चमचा खाली ठेवला. पुढे कामाची सगळी बोलणी जर्मनमध्ये, इटालियन अभियंत्याशी मात्र खुणांनी. (यंत्र छान निघालं. अजून चालू आहे.)

हे शंभर वर्षं जुनं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. २०१७ च्या डिसेंबरात व्हिएन्नात सरकारात आल्यावर ऑस्ट्रियाच्या फ्रीडम पार्टीनं दक्षिण टिरोलमधल्या जर्मन भाषकांना ऑस्ट्रियाचा पासपोर्ट देण्याचा विषय काढला आणि रोमचा भडका उडाला. हीच फ्रीडम पार्टी युरोपियन संसदेत साल्व्हिनींच्या लेगा पक्षाच्या शेजारी बसायची. आजही बसते.

यापेक्षा भारी किस्सा २००७ चा. १ जानेवारीला रोमानिया आणि बल्गेरिया युनियनमध्ये आले. युनियनच्या विस्ताराला ज्यांचा विरोध, त्यांनाच त्या विस्तारातून नवे खासदार मिळाले आणि ‘अस्मिता, परंपरा, सार्वभौमत्व’ अशा भारदस्त नावाचा २३ जणांचा गट उभा राहिला. तेव्हा अट २० ची होती. त्याच वर्षी रोममध्ये एका इटालियन महिलेचा खून झाला, संशयित रोमानियातून आलेला. गटातल्याच इटलीच्या आलेस्सांद्रा मुसोलिनी (हो, त्यांचीच नात) बोलून गेल्या की कायदा मोडणं ही रोमानियन लोकांची जीवनशैलीच झाली आहे. शेजारच्या बाकावर ‘ग्रेटर रोमानिया’ पक्षाचे पाच खासदार. ते उठून गेले, उरले १८, नोव्हेंबरात गट बरखास्त. वर्षसुद्धा भरलं नाही.

आता हंगेरी–रोमानिया. १९२० च्या त्रिआनोंच्या तहात हंगेरीनं ट्रान्सिल्व्हानिया गमावला. ऑर्बान २०२२ मध्ये फुटबॉल मॅचला गळ्यात जुन्या, मोठ्या हंगेरीच्या नकाशाचा मफलर घालून गेले, त्यावर रोमानिया आणि युक्रेन दोघांनी निषेध नोंदवला. २०२४ च्या निवडणुकीनंतर ऑर्बानचा फिदेस पक्ष इटलीच्या पंतप्रधान मेलोनींच्या ईसीआर गटात जाणार अशी चर्चा होती. पण त्या गटानं रोमानियाच्या एयूआर या राष्ट्रवादी पक्षाला घेतलं, आणि हंगेरियनांविरुद्ध बोलणाऱ्यांच्या शेजारी आम्ही बसणार नाही असं फिदेसनं जाहीर केलं. गंमत पुढे आहे. मे २०२५ मध्ये एयूआरचे सिमियॉन राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीत पोचले तेव्हा ऑर्बान त्यांच्याबद्दल गोड बोलले. ट्रान्सिल्व्हानियातले हंगेरियन हादरलेच. त्यांनी मतं टाकली सिमियॉनांचे प्रतिस्पर्धी निकुशोर दान यांना, आणि दान जिंकले.

रशियाचं तर विचारूच नका. मार्च २०२२ मध्ये साल्व्हिनी सहानुभूती दाखवायला पोलंडच्या सीमेवरच्या प्शेमिश्लला गेले. तिथल्या महापौरानं कॅमेऱ्यांसमोर पुतिनचं चित्र असलेला टी-शर्ट काढून दाखवला, तसाच टी-शर्ट साल्व्हिनींनी पूर्वी मिरवला होता. महापौर कोणी डावा नव्हता बरं का. पोलंडचा उजवा माणूस रशियाचं नाव घेतलं की वेगळाच होतो, शेजार कोणाचा आहे ते पाहा.

पैशाचं विचारलंत. देतात, पण सरळ पक्षाकडून पक्षाला नाही. ल पेनबाईंच्या पक्षाला २०१४ मध्ये एका चेक-रशियन बँकेतून सुमारे ९० लाख युरोचं कर्ज मिळालं. फ्रेंच बँका दारात उभं करत नाहीत ही त्यांची तक्रार. २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीला कर्ज आलं एका हंगेरियन बँकेतून, एक कोटीहून जास्त युरो. शिवाय युक्त्यांची उचलाउचल चालते. स्वित्झर्लंडमध्ये २००९ च्या मिनारबंदीच्या सार्वमताला जे पोस्टर गाजलं, तेच थोडं बदलून फ्रान्समध्ये ल पेन यांच्या पक्षानं लावलं. तेव्हा मूळ स्विस जाहिरातवाले नकलेविरुद्ध तक्रार करायला उभे राहिले.

आणि सध्याची स्थिती. मे २०२४ मध्ये जर्मनीच्या एएफडी पक्षाचे क्राह एका इटालियन वर्तमानपत्राला म्हणाले की हिटलरच्या एसएस दलाचा गणवेश घालणारा प्रत्येक जण आपोआप गुन्हेगार ठरत नाही. मतदानाला जेमतेम दोन आठवडे. फ्रान्समध्ये सभ्य दिसायला वर्षानुवर्षं धडपडणाऱ्या ल पेननी हात झटकले आणि एएफडीला गटातून काढलं. निवडणुकीनंतर जुना गट मोडला आणि तीन चुली झाल्या. ऑर्बान, ऑस्ट्रियाचे किकल आणि चेक बाबिश यांनी व्हिएन्नात घोषणा करून काढलेला ‘पेट्रियट्स फॉर युरोप’, ८४ खासदार, अध्यक्ष फ्रान्सचे बार्देला. मेलोनी आणि पोलंडच्या पीआयएस पक्षाचा ईसीआर, ७८. एएफडीचा ‘युरोप ऑफ सॉव्हरिन नेशन्स’, २५, त्यात निम्म्याहून जास्त एएफडीचेच. तेव्हाची बेरीज १८७. सगळ्यात मोठ्या, मध्यम-उजव्या ईपीपी गटाचे १८८. ही बेरीज एका गटाची झाली नाही, याचं कारण वरचे सगळे परिच्छेद.

(ईसीआरमध्ये सगळेच कट्टर नाहीत. बेल्जियमचा एन-व्हीए आणि चेक ओडीएस हे बऱ्यापैकी नेहमीचे उजवे पक्ष आहेत.)

चहाबाज

म्हणजे सगळा तमाशाच म्हणायचा. मग इतकी काळजी कशाला करतात लोक?

रोखठोक_नारायणपेठ

ताई, माहिती उत्तम, पण सूर नेहमीचाच. ‘कट्टर उजवे’ हा शिक्का मारला की मोकळं. तिथल्या माणसाला खरंच त्रास होतोय म्हणून तो मत देतो. जर्मनीत २०२५ च्या निवडणुकीत एएफडीला पाचातल्या एकानं मत दिलं, ते सगळे काय नाझी? आणि स्थलांतरितांचा प्रश्न खोटा आहे का?

सोमवारपेठकर

@रोखठोक: मतदाराला मी काहीच म्हटलेलं नाही. २०.८ टक्के लोक एका विचाराचे नसतात, हे मलाही कळतं. काकांचा प्रश्न युतीचा होता. आणि स्थलांतरितांच्याच प्रश्नावर युतीचं काय होतं ते पाहू.

ऑगस्ट २०१८, मिलान. साल्व्हिनी तेव्हा इटलीचे गृहमंत्री. ऑर्बान भेटायला आले, हस्तांदोलन, दोघांच्या तोंडी एकच भाषा. आता कायदा बघा. माणूस ज्या देशात पहिल्यांदा पाऊल ठेवतो, त्याचा आश्रयाचा अर्ज सहसा त्याच देशानं तपासायचा असा युनियनचा नियम होता. समुद्रातून येणारे उतरतात इटलीत. त्यामुळे इटलीचं गाऱ्हाणं, बाकीच्यांनी आपापला वाटा उचलावा. वाटा उचलायला सर्वांत ठाम नकार कोणाचा? हंगेरीचा. साल्व्हिनींचा बोजा हलका व्हायला जी गोष्ट हवी होती, तिला आडवे पडलेले गृहस्थ त्यांच्याशेजारी हसत उभे होते. प्रश्न खरा आहे, म्हणूनच विचारते, त्या भेटीतून इटलीला काय मिळालं?

@चहाबाज: तमाशा म्हणून सोडून देऊ नका. माझ्या मते सगळे तिथेच फसतात. गट फुटला, नेते भांडले की वर्तमानपत्रात मथळा येतो आणि वाचणारा निर्धास्त होतो. पण संसदेत कायदा पास किंवा नापास होतो मतांवर, आणि मत द्यायला एका गटात असावं लागत नाही. टिरोल, ट्रान्सिल्व्हानिया, पुतिन हे विषय तिथे रोज मतदानाला येत नाहीत. हवामान, आश्रय, उद्योगांवरचे नियम रोज येतात, आणि त्यांवर या तिन्ही चुलींचं बऱ्याचदा जमतं.

१३ नोव्हेंबर २०२५ चं उदाहरण घ्या. मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडे मजुरांचे हक्क आणि पर्यावरण यांची तपासणी करावी, असा युनियनचा कायदा २०२४ मध्ये झाला होता. तो पातळ करायचा प्रस्ताव होता. ईपीपीचं आपल्या नेहमीच्या मध्यममार्गी सोबत्यांशी जमेना, तेव्हा त्यांनी उजवीकडच्या तिन्ही गटांच्या मतांवर तो पास करून घेतला. ३८२ विरुद्ध २४९. त्यातल्या ज्या दोघांना, पेट्रियट्सना आणि एएफडीच्या गटाला, समित्यांची अध्यक्षपदं मिळू नयेत म्हणून बाकीचे पक्ष भिंत घालून बसले होते, त्यांच्याही मतांनी. युती जाहीर नाही, संयुक्त फोटो नाही.

उलट उदाहरणही आहे. जुलै २०२५ मध्ये एयूआरच्याच एका खासदारानं युरोपियन आयोगाच्या अध्यक्ष फॉन डेर लायन यांच्यावर अविश्वास ठराव आणला. पेट्रियट्स आणि एएफडी पाठिंब्याला. पण एयूआर ज्या गटात बसतो, त्याच गटातल्या मेलोनींच्या पक्षानं साथ दिली नाही. १७५ विरुद्ध ३६०, ठराव पडला. मेलोनींना रोममध्ये सरकार चालवायचंय, ब्रसेल्सकडून पैसे आणायचेत. सत्तेत असलेला आणि सत्तेबाहेरचा, ही भेग मला टिरोलपेक्षा रुंद वाटते.

भोसरीकर

पहिल्यांदाच लिहितोय. आमचं भोसरी एमआयडीसीत नट-बोल्टचं युनिट आहे, बराच माल जर्मनीला जातो. सोमवारपेठकरताईंनी सांगितलेला तो कायदा म्हणजे आमच्या एचआरची डोकेदुखी. ग्राहकाकडून भलीमोठी प्रश्नावली येते. कंत्राटी कामगार किती, ओव्हरटाइम किती, प्लेटिंग बाहेरून करून घेता त्या शॉपचं सांडपाणी कुठे जातं. प्लेटिंगवाला म्हणतो, तुमच्या जर्मनाला माझ्या गटारीशी काय घेणं? खरं सांगायचं तर त्या प्रश्नावलीमुळेच आम्ही प्लेटिंगवाला बदलला, आणि नवा बरा आहे. पण भरताना जीव जातो.

माझ्या मालाचे नियम ल पेनबाईंची माणसं ठरवतात हे आज कळलं. आता प्रश्न असा की प्रश्नावली बंद होणार का?

टेकडीवाले काका (कोथरूड)

सोमवारपेठकर, धन्यवाद, एका प्रतिसादात निम्मा युरोप फिरवलात. दोन उपप्रश्न. पुतणीच्या व्हिसाचं काय? आणि आणखी एक, २०१९ मध्ये काश्मीर बघायला आलेले ते युरोपीय खासदार, ते यांच्यातलेच का?

सोमवारपेठकर

काका, काश्मीरचं आधी. हो, त्यातले बरेचसे याच पक्षांचे होते. ल पेन यांचा पक्ष, एएफडी, व्हॉक्स, पोलंडचा पीआयएस. ती युरोपियन संसदेची अधिकृत भेट नव्हती, खासगी दौरा होता. एरवी एका बाकावर न मावणारे एका विमानात मावले होते.

व्हिसा: बाहेरच्या देशातून कामासाठी किती माणसं घ्यायची, हा आकडा युनियनच्या करारानुसार प्रत्येक देश स्वतः ठरवतो. त्यामुळे पुतणीसाठी ब्रसेल्सपेक्षा बर्लिन महत्त्वाचं. एएफडी तिथे दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष आहे, सरकारात नाही. रोजच्या जगण्यात मात्र फरक राज्याराज्यात पडतो. एएफडीचा जोर पूर्वेकडच्या राज्यांत जास्त, थुरिंगियात तर २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकावर. श्टुटगार्ट पश्चिमेला, गाड्यांच्या कारखान्यांचं गाव, परक्यांची सवय असलेलं. नोकरी शोधायला ती पूर्वेकडे जाणार असेल तर तिथल्या मराठी मंडळातल्या कुणाशी आधी बोलून घे म्हणावं, नोकरीपासून खोलीपर्यंत सगळं तेच नीट सांगतील.

रोखठोक_नारायणपेठ

मिलानच्या मुद्द्यावर उत्तर देता येत नाही, कबूल. बाकी सूर नेहमीचाच, यावर ठाम.

चहाबाज

कोणी कसं मत दिलं ते आपल्याला बघता येतं का, की ताईंच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?

सोमवारपेठकर

अजिबात ठेवू नका. युरोपियन संसदेच्या संकेतस्थळावर नावानिशी झालेल्या मतदानाच्या याद्या असतात, गटवार. तारीख टाका, ठराव शोधा. कंटाळवाणं आहे, पण फोटोपेक्षा खरं. माझी रविवार दुपार त्यात जाते, घरचे हसतात.

@भोसरीकर: प्रश्नावली एकदम बंद होणार नाही. पूर्वी हजारावर कर्मचारी असलेल्या मोठ्या कंपन्या कायद्यात येणार होत्या, आता मर्यादा ५,००० कर्मचारी आणि दीडशे कोटी युरो उलाढालीपर्यंत वर नेली आहे. तुमचा ग्राहक त्याहून लहान असेल तर त्याच्यावर ती सक्ती येणार नाही. पण तो ज्याला माल विकतो तो मोठा गाडीवाला असेल, तर तो विचारणार, आणि प्रश्न फिरून तुमच्याकडे येणार. शिवाय जर्मनीचा स्वतःचा पुरवठा साखळीचा कायदा २०२३ पासून आहे, तो वेगळा.

युरोपात येणाऱ्या मालावरच्या कार्बन कराचं यात मिसळू नका. तो दुसराच कायदा. पोलादाचे नट-बोल्ट त्यात येतात आणि १ जानेवारी २०२६ पासून तो पैशानिशी लागू झाला. वर्षाला ५० टनांच्या आत असा माल आणणाऱ्या आयातदाराला त्यातून सूट आहे. ही मोजणी आयातदाराची होते, तुमची नाही. म्हणजे तुम्ही २० टनच पाठवत असाल, पण तो चीन आणि तुर्कस्तानातूनही घेत असेल, तर सूट गेली. त्याच्या खरेदी विभागाला सरळ विचारा.

भोसरीकर

तो चीनमधूनही घेतो. उद्याच मेल टाकतो.